प्रश्नावलीतील ‘हरकत नाही’

काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात समाजशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आला. मैत्री, प्रेम आणि विवाह या तीन पायऱ्यांवर आपण माणसांची निवड कशी करतो, त्या निवडीत जात किती, कातडीचा रंग किती आणि नाकाडोळ्यांची ठेवण किती, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. नाव लिहावयाचे नव्हते. चहा येईपर्यंत बहुतेकांनी कागद भरून परत केले. ‘आपल्या घरातील मुलाने अथवा मुलीने अन्य जातीत विवाह केल्यास आपली भूमिका काय राहील?’ असा त्यात एक प्रश्न होता व त्याखाली चार पर्याय होते. प्रस्तुत लेखकाने ‘हरकत नाही’ या पर्यायावर खूण केली. डावीउजवीकडे बसलेल्या सहकाऱ्यांनीही तीच केली असावी, कारण कोणी फारसे थांबलेले दिसले नाही. दोघांनी मात्र कागद कोराच परत दिला. “असले प्रश्न विचारल्यानेच जात वाढते,” असे त्यांपैकी एकाचे म्हणणे पडले, आणि विषय परीक्षेच्या वेळापत्रकाकडे वळला.

त्याच आठवड्यात थोरल्या बंधूंनी पुतणीची परिचयपत्रिका तयार करून मागितली. पूर्वी असा कागद हाताने लिहीत, आता तो संगणकावर करून भ्रमणध्वनीवरून नातेवाइकांच्या गटांत फिरवतात, एवढाच फरक. नाव, शिक्षण, जात, पोटजात, कुळ, मामेकुळ, मूळ गाव, वर्ण, उंची हे सारे रकाने मीच भरले. पुतणी सावळी आहे. ‘वर्ण’ या रकान्यात मी ‘गोरा’ असे लिहिले. बंधूंचा आग्रह होता, आणि मी तो मोडला नाही. ‘अपेक्षा’ या मथळ्याखाली पहिला शब्द ‘सजातीय’. तो कोणी सांगण्याचीही गरज पडली नाही. बोटांना सवय होती. पत्रिका पाठवून झाल्यावर तो विद्यार्थी आठवला आणि माझी ‘हरकत नाही’ ही खूणही आठवली.

वर्गात ग्राहकाची पसंती शिकवताना आम्ही सांगत असतो की, ग्राहक काय बोलतो याला अर्थशास्त्रात फारशी किंमत नाही. तो पैसे मोजून काय उचलतो त्यावरून त्याची पसंती प्रकट होते. हे तत्त्व साबणाला आणि साखरेला आम्ही वर्षानुवर्षे लावत आलो. स्वतःच्या घरातील सोयरिकीला ते लावून पाहण्याचा प्रसंग या निमित्ताने आला, आणि तो सुखाचा नव्हता.

इतरांनी तो हिशेब मांडलेला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, मैत्रीश घटक व जीन लाफोर्च्यून या अर्थशास्त्रज्ञांनी कोलकात्याच्या ‘आनंदबाजार पत्रिका’ या दैनिकात विवाहविषयक जाहिराती देणाऱ्या ७८३ जणांच्या मुलाखती घेतल्या. कोणत्या स्थळांची पत्रे आली, त्यांतील कोणती बाजूला ठेवली, कोणत्यांना उत्तर दिले, याची त्यांनी तपशीलवार नोंद केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील एक हिशेब असा की, जातीबाहेरचा जावई टाळण्यासाठी मुलीकडची मंडळी बिनशिकलेला आणि एम. ए. झालेला यांच्यातील सारा फरक सोडून द्यावयास तयार असतात. ज्या वाचकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना पदव्युत्तर शिक्षण दिले आहे, त्यांनी या वाक्याशी क्षणभर थांबावे. सतरा-अठरा वर्षे शाळा-महाविद्यालयांत घालवून मिळवलेली किंमत एका रकान्यापुढे उणी पडते. आणि असे उत्तर देणारे लोक कोणी आडगावचे अडाणी नव्हते. वृत्तपत्रांत जाहिरात देणारा तो शहरी मध्यमवर्ग होता.

याच लेखाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक विचार करावयास लावतो. जातीचा आग्रह इतका तीव्र असूनही त्याची प्रत्यक्ष किंमत फारशी कोणाला मोजावी लागत नाही, असे हे लेखक म्हणतात. कारण बहुतेक प्रत्येक जातीत शिकलेले, कमावते आणि देखणे असे सर्व प्रकारचे वधू-वर आता पुरेसे सापडतात. आग्रह फुकट पडत असेल तर तो कोण सोडील? आर्थिक प्रगती झाली, नोकऱ्या आल्या, की जात आपोआप विरघळेल, हा जो दिलासा आमच्या पिढीच्या अर्थशास्त्राने आम्हांला दिला होता, तो येथे खोटा ठरतो.

परंतु हा समतोल वधू-वरांची संख्या बरोबरीची असेल तोवरच टिकणारा. जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८४२ भरली. राज्यातील अतिशय खालच्या आकड्यांत तो मोडत होता. त्या वेळची ती बालके आता लग्नाच्या वयात येत आहेत. केळी-कापसाच्या गावांतून तिशी उलटलेले, जमीनजुमला असलेले, पण लग्न न जमलेले तरुण किती, हे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या शिक्षकास विचारावे. अशा घरांत दलालामार्फत दूरच्या जिल्ह्यांतून वा परप्रांतांतून पैसे देऊन सून आणली जाते, तेव्हा तिची जात कोणी खोदून विचारीत नाही. वर्णाचाही आग्रह राहत नाही. जे वधू-वर मेळाव्यात, पसंतीने, दोन्ही कुळांच्या मानाने घडणे अशक्य मानले जाते, ते दलालाच्या व्यवहारात मुकाट्याने घडते. माणूस म्हणून निवडलेली परजातीची मुलगी चालत नाही आणि विकत आणलेली चालते, याला काय म्हणावे? आमच्या सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजात वरपक्षाने ‘देज’ देण्याची रीत आहे. ते ऐकून मैदानातली सुशिक्षित मंडळी आजवर नाक मुरडत आली.

‘आमनामा अस चालस नही’ हे वाक्य खानदेशात जन्मलेल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्यातील प्रामाणिकपणा निदान मान्य करावा लागतो. त्याची सुशिक्षित आवृत्ती मात्र विवाहविषयक जाहिरातींत वाचावयास मिळते: ‘जातीची अट नाही. एस. सी., एस. टी. क्षमस्व.’ पहिल्या वाक्याने पुरोगामित्वाची पावती फाडायची आणि दुसऱ्याने दार लावून घ्यायचे. त्यातील ‘क्षमस्व’ हा शब्द तर विशेष. क्षमा कोणाची मागितली जाते आणि कशाबद्दल, हे छापणाराही जाणतो व वाचणाराही जाणतो. माझ्या वर्गात मागे बसणारा पावरा विद्यार्थी ते वाचीत असेल, याचा विचार दोघांनाही शिवत नाही.

हा प्रकार आपलाच आहे असे नाही. एमरी बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ‘सामाजिक अंतर’ मोजण्याची एक पट्टी तयार केली. परक्या वंशाचा माणूस देशात आलेला चालेल का, हाताखाली वा बरोबरीने काम केलेला चालेल का, शेजारी चालेल का, मित्र म्हणून चालेल का, अशा पायऱ्या चढत ती पट्टी शेवटी विवाहाने होणाऱ्या नात्यापाशी येते. शेवटची पायरी हीच, कारण शेजार आणि नोकरी यांना कायद्याने हात घालता येतो. घराच्या आतल्या दाराला येत नाही. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहास बंदी करणारे कायदे १९६७ पर्यंत सोळा राज्यांत होते. ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. कायदे गेले, आवड-नावड राहिली. संगणकावरून जोडीदार शोधण्याची सोय करणाऱ्या ‘ओके क्यूपिड’ या कंपनीने २००९ मध्ये आपल्या सदस्यांच्या पत्रव्यवहाराचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा काळ्या स्त्रियांनी पाठवलेल्या पत्रांना सर्वांत कमी उत्तरे मिळतात असे दिसून आले. आपल्याकडील ‘शादी डॉट कॉम’ या विवाहस्थळावर कातडीच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय जून २०२० पर्यंत होती. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या स्त्रियांनी सह्यांची मोहीम काढली, तेव्हा ती हटली. परदेशात वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चात चालणारा मराठी तरुण घरच्यांना ‘मुलगी गोरी हवी’ असे कळवतो, या विसंगतीकडे त्या मोहिमेने बोट दाखवले. जातीचा रकाना अशा स्थळांवरून हटवावा, अशी तितकीच मोठी मोहीम मात्र आपल्या राज्यात निघाल्याचे दिसले नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे. प्रेम आणि लग्न ही खाजगी बाब. कोणाला कोण आवडावे यात शास्त्रज्ञांनी आणि सरकारने नाक खुपसण्याचे कारण काय? आक्षेप पोकळ नाही. कोणी कोणावर प्रेम करावे याची सक्ती कोणालाही करता येणार नाही, करूही नये. परंतु लाखो लोकांची ‘खाजगी’ आवड एकाच रांगेत, एकाच क्रमाने, शतकानुशतके उभी राहत असेल, तर तिला खाजगी कसे म्हणावे? आवड खरोखरच खाजगी असती तर तिच्यासाठी रकाना छापावा लागला नसता. शिवाय खाजगीपणाचा हा युक्तिवाद करणारेच लोक मुलीने स्वतःच्या आवडीने लग्न केले की गावकी-भावकी गोळा करतात. २०२५ या एकाच वर्षात, जानेवारीत जळगाव शहरात आणि एप्रिलमध्ये चोपड्यात, मनाविरुद्ध प्रेमविवाह केल्याच्या रागातून घरच्यांनीच शस्त्र उचलल्याच्या बातम्या आपण वाचल्या. एकीत जावयाचा जीव गेला, दुसरीत मुलीचा. न्यायालयात जे ठरावयाचे ते ठरेल. त्या बातम्या वाचून प्राध्यापक-कक्षात आम्ही सर्वांनी हळहळ व्यक्त केली होती. मघाच्या प्रश्नावलीवर खुणा करणारे आम्हीच.

म्हणूनच असल्या संशोधनात भाग घेणे आणि खरे उत्तर देणे याला मी केवळ सौजन्य मानीत नाही. खोट्या उत्तरांवर खोटे धोरण उभे राहते. रिचर्ड लापिएर या संशोधकाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. एका चिनी दांपत्याला बरोबर घेऊन तो अमेरिकाभर हिंडला. अडीचशे हॉटेले व खाणावळींपैकी एकीनेच त्यांना नकार दिला. नंतर पत्र लिहून विचारता उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘चिनी गिऱ्हाईक घेणार नाही’ असे कळवले. तेथे बोलणे कठोर आणि वागणे सौम्य निघाले. आपले बरोबर उलटे. पण दोन्हीकडे धडा एकच की, प्रश्न कसा विचारला यावर पुष्कळ अवलंबून असते. मेरीलँड विद्यापीठ व दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद यांनी केलेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने हे उत्तम ओळखले. ‘तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते का?’ असे विचारून ते थांबले नाहीत. नाही म्हणणाऱ्यांना त्यांनी पुढे विचारले की, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी तिने वापरली, तर चालेल का? २०११-१२ च्या फेरीत सुमारे २७ टक्के कुटुंबांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्पृश्यता असल्याचे यातून निघाले. विवाहाबाबत तर त्यांनी मत विचारलेच नाही. ‘तुमच्या माहेरची आणि सासरची जात एकच का?’ असे थेट विवाहित स्त्रियांना विचारले. जातीबाहेर विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. प्यू या अमेरिकन संस्थेने २०१९-२० मध्ये सुमारे तीस हजार भारतीयांना विचारले, तेव्हा स्त्रियांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणे ‘अत्यंत महत्त्वाचे’ असे ६४ टक्क्यांनी सांगितले. पुरुषांच्या बाबतीत तसे म्हणणारे ६२ टक्के होते. आमच्या प्राध्यापक-कक्षाचे ‘हरकत नाही’ या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

संशोधन म्हटले की ते पुण्यकर्मच, असेही समजू नये. ओयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील मिश्रविवाहांच्या संततीची मोजमापे घेतली, ती अशा विवाहांना विरोध करण्यासाठी. त्याच परंपरेच्या शास्त्राचा आधार घेत जर्मनीने १९३५ मध्ये ज्यूंशी विवाह हा गुन्हा ठरवला. मराठी वाचकाला ठाऊक असावी अशी गोष्ट ही की, १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच फिशरच्या हाताखाली बर्लिनमध्ये इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी काम करीत होत्या. गोऱ्या वंशाच्या कवटीची ठेवण निराळी व म्हणून बुद्धी श्रेष्ठ, हे गुरूचे गृहीतक सिद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा कोणताही फरक आढळत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या पदवीचा निकाल ज्याच्या हाती त्याच्याविरुद्ध. तेव्हा कोण विचारतो, कशासाठी विचारतो, उत्तरे कोठे ठेवतो, हे प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक संशोधकाला खुशाल विचारावेत. विशेषतः दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना. ‘तुम्हांला कधी नाकारले गेले का, तेव्हा काय वाटले?’ असे त्यांनाच पुनःपुन्हा विचारले जाते. नाकारणाऱ्यांकडे प्रश्नावली क्वचितच जाते. त्या विद्यार्थ्यांनी उत्तर देण्यास नकार दिला तर तो त्यांचा अधिकार आहे. आम्हां इतरांना मात्र ती सबब नाही.

गुप्ततेची भीतीही अवास्तव नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याची नोटीस तीस दिवस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि त्या तीस दिवसांत काय काय घडू शकते हे निबंधक कार्यालयातील लिपिक माझ्याहून चांगले जाणतात. आंतरजातीय विवाहास राज्य शासन पन्नास हजार रुपयांचे साहाय्य देते. सोन्याच्या आजच्या भावात त्याचे किती येते याचा हिशेब वाचकांनीच करावा.

खानदेशाला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणारे राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे उभे आहे. १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’वरचे भाषण लाहोरच्या संयोजकांनी रद्द केले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ते स्वतः छापून काढले. मिश्रविवाह हाच खरा उपाय, असे त्यात निःसंदिग्ध लिहिले आहे. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते एका खटल्यासाठी धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या दिवशी तेथे मोठी गर्दी जमते. वधू-वर मेळाव्यांची गर्दी निराळी, आणि दोन्ही गर्द्यांत सारखेच चेहरे फारसे दिसत नाहीत.

आता एक व्यवहाराची गोष्ट. २०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाच्या जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सर्व जातींची अशी गणना होऊन आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ मध्ये. हे काम दारोदार जाऊन बहुतांशी कोण करते? शिक्षक आणि लिपिक. म्हणजे हा लेख वाचणारेच. घरातील कर्ता पुरुष ओट्यावर बसून सर्वांची माहिती एका दमात सांगतो, आणि पतीची जात तीच पत्नीची जात असे समजून प्रगणक खालचा रकाना भरून टाकतो, हा आपल्याकडचा शिरस्ता. तसे झाल्यास जातीबाहेर लग्न केलेली जी थोडी जोडपी आहेत, तीही कागदावरून नाहीशी होतील. प्रगणकांनी घरातील स्त्रीला बाहेर बोलवावे आणि तिची जात तिलाच विचारावी.

तो संशोधक विद्यार्थी नंतर एकदा भेटला. माझा कागद परत मिळेल का, असे मी त्याला विचारले. नावे नसल्यामुळे कोणता कोणाचा हे सांगता येत नाही, असे त्याने सांगितले. मग मी त्याच्याकडून एक कोरी प्रश्नावली मागून घेतली. पुतणीच्या पत्रिकेतील ‘वर्ण’ हा रकाना मी काढून टाकला आहे. ‘सजातीय’ या शब्दावरून थोरल्या बंधूंशी बोलणे अद्याप व्हावयाचे आहे.